शकुंतलेच्या पट्ट्यातल्या आमदार-खासदारांना खुलं पत्र: गाडी येणार का नाही, ते एकदा सांगून टाका

रामराम साहेब, भाऊ, ताई,

पत्र एकाच्या नावानं लिहायचं होतं पण जमलं नाही. गाडी एकच होती, आपली शकुंतला, मूर्तिजापूरवरून यवतमाळ अन् अचलपूरला जाणारी छोटी रेल्वे, पण जायची यवतमाळ, वाशीम, अकोला अन् अमरावती अशा चार जिल्ह्यांतून, आणि लोकसभेचे मतदारसंघ धरले तर तीन. म्हणजे दारव्ह्याचा माणूस एका साहेबाकडं जाणार, मूर्तिजापूरचा दुसऱ्याकडं, दर्यापूर-अंजनगाव-अचलपूरचे तिसऱ्याकडं. बारभाईची शेती, काय लागेल हाती! म्हणून सगळ्यांना मिळून एकच लिहितो, कोणी वाचलं तर बाकीच्यांना फॉरवर्ड करा.

मी अंजनगाव सुर्जी अन् पथरोटच्या मधातल्या एका खेड्यातला. नोकरीमुळं आता अमरावतीत राहतो, शेती गावाकडं, आई पण गावाकडंच. मागच्या महिन्यात गेलो होतो तेव्हा पुतण्या मोबाईल घेऊन आला, नऊ वर्षांचा आहे, म्हणे काका हे बघा भारतातली एकच रेल्वे जी आजही इंग्रजांची आहे. रील होतं. मागं ड्रोनचं शूटिंग, जोरजोरात म्युझिक, आणि खाली लाखभर लाईक. मी म्हटलं अरे ही आपली शकुंतला, आपल्या घरामागून जायची. तो म्हणे, आपल्या गावात रेल्वे होती? मग त्याला घेऊन फाटकापर्यंत गेलो. रस्त्याचं काम नवीन झालंय, डांबर सरळ रुळावरून ओढलंय, मधात दोन बारीक रेघा तेवढ्या दिसतात. दोन्ही बाजूला बाभळी इतक्या वाढल्या की आत रूळ आहे हे माहीत असणाऱ्यालाच कळेल. पोरगं त्या रेघांवर पाय ठेवून चाललं थोडं, मग म्हणे, एवढीशीच रुंद? आता त्याला अडीच फुटी गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, काय ते सांगत बसलो. घरी येईपर्यंत डोकं गरम झालं होतं खरं सांगतो. रीलवर नाही, आपल्यावर. त्याच दिवशी हे पत्र लिहायचं ठरवलं.

आधी ते इंग्रजांच्या मालकीचं काय प्रकरण आहे ते बोलून घेऊ, कारण शकुंतलेचं नाव काढलं की लोक तिथंच अडकतात आणि पुढचं कोणी ऐकतच नाही.

मुंबईहून निघालेली जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, 1867 ला नागपूरपर्यंत पोचली. मूर्तिजापूर त्या मेन लाइनवर. खामगावला जलंबवरून अन् अमरावतीला बडनेऱ्यावरून फाटे मिळाले, कारण कापसाची मोठी बाजारपेठ. पण यवतमाळ, दारव्हा, कारंजा, दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर इथला कापूस बंडीवरच. चिखलात बैलं फसायची, गाठी भिजायच्या. 1903 ला वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं आणि 1910 मध्ये किलिक निक्सन या मुंबईच्या ब्रिटिश फर्मनं सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. मूर्तिजापूर मधात ठेवून एक हात अचलपूरकडं, 76 किलोमीटर, दुसरा यवतमाळकडं, 113 किलोमीटर. तिकडे वर्धा जिल्ह्यात पुलगाव ते आर्वी अशी एक धाकटी बहीण पण त्याच कंपनीची, 35 किलोमीटरची, ती तर केव्हाच बंद पडली. रूळ कंपनीचे, गाडी चालवायची जीआयपीनं, अन् कमाईतून कंपनीला तिचा हिस्सा. कापूस मूर्तिजापूरला यायचा, तिथून मोठ्या गाडीत चढून मुंबई, मुंबईवरून मँचेस्टर. आपल्या आजोबा-पणजोबांनी वेचलेला कापूस साहेबाच्या गिरणीत गेला तो याच रुळावरून, त्यात काही गोड गोड आठवण नाही, धंदा होता. आमच्या पट्ट्यात एका स्टेशनचं नावच कापूसतळणी आहे, अजून काय सांगू!

1951 ला जीआयपीची मध्य रेल्वे झाली. मोठी लाइन मध्य रेल्वेत गेली पण या फाट्याचे रूळ कंपनीच्याच नावावर राहिले. करार होता तो चालू ठेवला. आता लोक म्हणतात आजही इंग्रजांना रॉयल्टी जाते, प्रत्येक रीलमध्ये आकडा वेगळा असतो. स्वातंत्र्यानंतर किलिक निक्सन भारतीय मालकांच्या हातात आली, म्हणजे लंडनमध्ये कोणी गोरा साहेब बसून आपल्या दोन रुपयांच्या तिकिटाचे पैसे मोजतोय असं चित्र काही खरं नाही. पण मालक कोण यापेक्षा त्या कराराचा जो परिणाम झाला तो जास्त महत्त्वाचा आहे, आणि त्यावर एक पण रील नाही.

परिणाम असा. रूळ रेल्वेचे नाहीत, तर रेल्वे त्यावर पैसा कशाला घालील? अन् कंपनीला हिस्सा मिळतोच आहे, तर ती कशाला घालील? भाड्याच्या घरासारखं झालं, घरमालक म्हणतो राहतो तो बघील, भाडेकरू म्हणतो घर माझं थोडंच आहे, आणि छत गळतंच राहतं. स्लीपर सडले, खडी मातीत गेली, मग गाडीचा वेग कमी करा. 76 किलोमीटरला चारेक तास, यवतमाळला सहा-सात तास. वेग कमी झाला म्हणून माणसं एसटीकडं गेली, माल तर आधीच ट्रककडं गेला होता. माणसं कमी म्हणून कमाई कमी, कमाई कमी म्हणून गाड्या कमी. शेवटी दिवसाला एक गाडी जायची अन् तीच परत यायची, आणि मग कागदावर लिहायचं की प्रवासी प्रतिसाद नाही. साहेब, दिवसातून एकदाच उघडणाऱ्या दुकानाला गिऱ्हाईक किती येणार?

तरी लोक बसायचे हो. मी स्वतः बसलो, हिशोब नाही इतक्या वेळा.

माझ्या आईचं माहेर लाखपुरीकडचं. लाखपुरी म्हणजे याच लाइनवर, मूर्तिजापूरच्या बाजूला. दिवाळीला अन् आखाडीला आम्ही आईसोबत शकुंतलेनं जायचो. तेव्हा कोळशाचं इंजिन होतं, 1921 साली मँचेस्टरला बनलेलं, 1923 पासून ते या लाइनवर धावत होतं, म्हणजे मी पाहिलं तेव्हा त्याचं वय माझ्या आजीपेक्षा जास्त. आजी पांढरं लुगडं नेसायची, खिडकीजवळ बसू द्यायची नाही कोणाला आणि स्वतः पण बसायची नाही, कारण इंजिनातून कोळशी उडायची आणि लुगड्याला बारीक बारीक भोकं पडायची. उतरल्यावर पहिलं काम डोक्यावरचा पदर झटकणं. डबा इतका अरुंद की समोरच्याच्या गुडघ्याला गुडघा लागायचा, तर अनोळखी माणसाशी बोलल्याशिवाय इलाजच नाही. अंजनगावच्या पानमळ्यातली पानांच्या टोपल्या घेऊन चढणारी बाई असायची, टोपलीवर ओलं फडकं, ती सारखं पाणी शिंपडायची आणि ते शेजारच्याच्या पायावर पडायचं, मग भांडण, मग दर्यापूर येईपर्यंत दोघांचं सोयरं कुठलं ते निघायचं. दर्यापूरच्या स्टेशनचं नाव बनोसा बरं का, बाहेरच्या माणसाचा गोंधळ व्हायचा, दर्यापूरचं तिकीट द्या म्हणायचा अन् मागचे हसायचे.

चालत्या गाडीतून उतरून हरभरा उपटून परत चढायचा किस्सा तुम्ही शंभर वेळा ऐकला असेल. मी नाही केलं कधी, माझा मोठा भाऊ म्हणतो त्यानं केलं, पण तो वाघ पाहिल्याचं पण सांगतो. मी डोळ्यानं पाहिलेलं सांगतो. फाटक आलं की गाडी थांबायची, गाडीतलाच माणूस खाली उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे जाऊन परत थांबायची, तो फाटक उघडून धावत येऊन चढायचा. लहान स्टेशनवर मास्तर नाहीच, गार्डच तिकीट फाडायचा. एकदा उन्हाळ्यात, बारावीचे पेपर झाले होते बहुतेक, कापूसतळणीच्या पुढं गाडी थांबली ती थांबलीच. पाहतो तर रुळावर एक म्हातारा बंडी घेऊन, बंडीचं चाक रुळात फसलेलं. ड्रायव्हर, गार्ड आणि डब्यातली आम्ही पाच-सात पोरं उतरलो, बंडी उचलून बाजूला केली. म्हाताऱ्यानं ड्रायव्हरला काय दिलं असेल? दोन कांदे. ड्रायव्हरनं घेतले पण!

1994 च्या 15 एप्रिलला ते कोळशाचं इंजिन गेलं, डिझेल आलं. मोठ्या माणसांना वाटलं आता गाडी फास्ट होईल. इंजिन नवीन पण रूळ जुनेच, तर फास्ट कशी होणार. धूर तेवढा गेला. पण तिची शिट्टी झाली की शेतात बाया हातातलं काम खाली ठेवायच्या. आई अजून म्हणते गाडीची वेळ झाली, मग तिचं तिलाच आठवतं आणि गप्प बसते.

मग गेल्या काही वर्षांत आधी यवतमाळचा हात बंद झाला, नंतर अचलपूरचा. बंद म्हणजे कायमचं बंद असं कोणी म्हटलं नाही, तुम्ही लोकांनीच सांगितलं की ब्रॉडगेज, म्हणजे मोठ्या गाडीचे रुंद रूळ, होणार आहे. 2016 ला सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना दीड हजार कोटींची गोष्ट पेपरात आली, आमच्याकडं पेढे वाटले लोकांनी, मी पण खाल्ला. त्यानंतर सर्वे झाला, सर्वे होणार, सर्वेचा फेरसर्वे, हेच ऐकतोय. अचलपूरच्या लोकांनी सत्याग्रह केला, निवेदनं दिली, निवेदन देतानाचे तुमच्यासोबतचे फोटो त्यांच्याकडं आहेत अन् तुमच्याकडं पण असतील.

मला माहीत आहे तुमच्याकडून काय उत्तर येईल. पहिलं उत्तर, यवतमाळला तर वर्धा-यवतमाळ-नांदेड नवीन लाइन येतेच आहे. बरोबर, येते आहे, 28 फेब्रुवारी 2024 ला वर्धा ते कळंबचा तुकडा सुरू पण झाला, पंतप्रधानांनी यवतमाळला येऊन उद्घाटन केलं, आनंदच आहे. ती लाइन पुढं यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद करत नांदेडला जाणार. म्हणजे शकुंतलेच्या यवतमाळ हातातला यवतमाळ-दारव्हा एवढा भाग त्यात भागतो. पण दारव्ह्याच्या पुढं? कारंजा लाडचं काय? जिथं नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, गुरुमंदिरात बाराही महिने भाविक, शेजारी समृद्धी महामार्ग. कारवाल्याला नागपूर दोन-अडीच तासांवर आलं आणि बिनकारच्या माणसाचा रूळच गेला. आणि अचलपूरच्या हाताला तर त्या नांदेड लाइनचा काहीच संबंध नाही. अंजनगाव, अचलपूर-परतवाडा, या एवढ्या पट्ट्याला शकुंतला सोडून दुसरा रूळ नव्हता आणि आजही नाही. म्हणून मला भीती अशी आहे की उद्या कोणीतरी दिल्लीत सांगेल, यवतमाळला ब्रॉडगेज दिलं, शकुंतलेचा विषय संपला. आणि टाळ्या पण वाजतील.

दुसरं उत्तर, आता एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, 75 च्या वरच्यांना फुकट आहे, मग गाडी कशाला पाहिजे. हे उत्तर मी गावात पण ऐकलं, आणि त्यात तथ्य नाही असं म्हणणार नाही. माझी आई 76 ची आहे, तिला एसटी फुकट आहे. पण एसटी फाट्यावर थांबते, फाटा आमच्या घरापासून दीड किलोमीटर, स्टेशन होतं घरामागं. माहेरी जायचं तर आधी अंजनगाव, तिथून दर्यापूर, तिथून मूर्तिजापूरची गाडी पाहायची. प्रत्येक ठिकाणी ती उंच पायरी, अन् कंडक्टर म्हणतो आजी लवकर चढा. मागच्या दिवाळीला मामा वारले तेव्हा मी अमरावतीवरून कार घेऊन येईपर्यंत ती अंगणात पिशवी घेऊन बसून होती, चार तास. म्हणे शकुंतला असती तर मी एकटीच निघाली असती. फुकट तिकिटाला तिचा नकार नाही हो, पण तिला कोणाला फोन न करता निघता यायचं, ते गेलं.

अन् तिसरं उत्तर सगळ्यात गोड आहे, हेरिटेज. म्हणे शकुंतला हेरिटेज म्हणून जपू, एखादा डबा रंगवून ठेवू, टुरिस्ट येतील, सेल्फी पॉइंट करू. करा बुवा, मूर्तिजापूरला जुनं इंजिन अन् दोन डबे ठेवले तर मी पण पोराबाळांना घेऊन येईन, नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं म्युझियम आहे ते मला फार आवडतं. पण भाऊ, गाडीच्या जागी गाडीचा फोटो नका देऊ. शकुंतला म्हटलं की पेपरवाले कालिदासाची शकुंतला अन् दुष्यंताची अंगठी काढतात, बाहेरचे युट्यूबवाले ब्रिटिश मालक काढतात, आणि जो माणूस डब्यात बसायचा तो कोणाच्याच गोष्टीत नसतो. आमचं नुकसान या कौतुकानं पण बरंच केलं, असं माझं स्पष्ट मत आहे. अजूबा म्हणून पाहिलं सगळ्यांनी, रोजच्या कामाची गाडी म्हणून कोणी पाहिलंच नाही.

आणि नॅरोगेजचं ब्रॉडगेज होत नाही असं थोडंच आहे. बार्शी लाइट रेल्वे 1897 ची, शकुंतलेइतकीच अरुंद, अडीच फुटी, एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रजानं उभी केलेली, आज कुर्डुवाडी-बार्शी-लातूर ब्रॉडगेज आहे आणि लातूरचा माणूस रात्री बसतो अन् सकाळी मुंबईत उतरतो. नागपूर-छिंदवाडा 2015 च्या शेवटी बंद केली, काही वर्षांत ब्रॉडगेजवर गाडी आली. तिकडचे रूळ काय वेगळ्या लोखंडाचे होते? तिकडं कोणीतरी मागं लागलं. खान्देशातली पाचोरा-जामनेर, लोक तिला पीजे म्हणतात, ती लॉकडाऊनमध्ये मार्च 2020 ला थांबली, तिकडचे लोक पण आमच्यासारखेच वाट पाहत आहेत, त्यांना आमचा रामराम.

आता मागणं काय ते सांगतो, जास्त नाही. नवीन घोषणा नको. तुम्ही सगळे जण, म्हणजे तिन्ही खासदार आणि या पट्ट्यातले आमदार, पक्ष कुठलाही असो, एका टेबलावर बसा, मूर्तिजापूरलाच बसा, आणि रेल्वेकडून लेखी घ्या. मूर्तिजापूर-अचलपूर होणार का, होणार तर पैसे कोणत्या वर्षी, जुन्या कंपनीचा करार मिटला का नाही, जमीन आता कोणाच्या नावावर. मूर्तिजापूर-कारंजा-दारव्हा होणार का नाही, ते वेगळं लिहून घ्या, यवतमाळच्या नावात गुंडाळू नका. आणि नाही होणार असं उत्तर आलं तर तेच वाचून दाखवा चौकात. खरंच सांगतो, लोक चिडतील, दोन दिवस शिव्या देतील, पण मग पोराच्या कॉलेजचं, आईच्या दवाखान्याचं काय करायचं ते तरी ठरवतील. दहा वर्षं होणार-होणार म्हणत ठेवलं त्यानं ना गाडी आली ना लोकांनी दुसरा विचार केला.

आणि झालंच ब्रॉडगेज, तर एक गोष्ट विसरू नका, कारण ती कागदावर सगळ्यात आधी उडते. लहान स्टेशनं. मोठी लाइन झाली की म्हणतात मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर, बस झालं, मधात कशाला थांबायचं. लेहगाव, कापूसतळणी, पथरोट, चमक, तिकडं भडशिवणी, सोमठाणा, पोहा, लाडखेड, ही नावं आत्ताच लिहून घ्या. एक्सप्रेस नको थांबवू, कोणी म्हणत नाही. पण सकाळी एक अन् संध्याकाळी एक पॅसेंजर पाहिजे, सकाळची अशी की मूर्तिजापूरला मुंबई-नागपूरची गाडी धरता येईल आणि पोरांना दहाच्या आधी कॉलेज गाठता येईल. नाहीतर आमच्या घरामागून शंभरच्या स्पीडनं गाडी जाईल आणि आई अंगणात पिशवी घेऊन तिच्याकडं बघत बसेल.

बैठक ठरली तर कळवा, मी रजा टाकून येतो. चहा-पाण्याचा खर्च आम्ही गावकरी करू.

आपला,
अंजनगाव-पथरोटच्या मधातला एक जुना प्रवासी

ता. क. आमच्या फाटकावर रस्त्याचं डांबर रुळावरून घातलंय ते कोणाला विचारून घातलं, एवढं पण जमलं तर विचारा. पुतण्यानं विचारलं होतं, गाडी परत आली तर हे उकरणार का, मला उत्तर देता आलं नाही.